आत्याच्या खुराड्याचे दार

सोमवार, ता. ३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे ठीक नाही, हे मला तुझ्याकडून नाही, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पत्रातून कळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिसऱ्यांदा तारीख दिली आहे, शुक्रवार २८, आणि ती तू तिसऱ्यांदा मोडायच्या बेतात आहेस, असे त्या लिहितात. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो, डावाही त्याच वाटेने चालला आहे आणि परवा तू त्यांना मिठाचा चहा पाजलास, हेही लिहितात.

चार रात्री दवाखान्यात राहिले तर संध्याकाळी खुराड्याचे दार कोण लावणार, असे तू त्यांना विचारलेस म्हणे. त्या कोंबड्यांना घाबरतात आणि दुसरे कोणी जवळ नाही. सात वर्षांपूर्वी तू एका रात्रीसाठी लग्नाला गेलीस आणि परतल्यावर अंगणात नुसती पिसे सापडली, ते मी विसरलेलो नाही. म्हणून मी वाद घालत नाही. मी दारच करतो. सकाळी आपोआप उघडेल, संध्याकाळी आपोआप बंद होईल.

हसू नकोस. सामान जमले आहे. गॅरेजमधून गाडीची काच पुसणाऱ्या वायपरची जुनी मोटर मिळाली. पाण्याच्या पंपाला लावतात ते चोवीस तासांचे टायमरचे घड्याळ आमच्या मालकांनी स्वतःहून काढून दिले. घड्याळे दुरुस्त करता करता हा पोरगा कोंबड्या दुरुस्त करायला निघाला, असे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. उजेड ओळखणारा डोळा लाव, असेही ते म्हणाले. पण तुझ्या अंगणात रस्त्यावरच्या ट्रकचे दिवे पडतात, दार रात्री दहा वेळा उघडेल. माझा भरवसा घड्याळावर.

तुझे काम एवढेच. रोज संध्याकाळी शेवटची कोंबडी आत गेली की भिंतीवरच्या घड्याळाच्या जवळ जाऊन वेळ पाहा आणि वहीत लिही. घड्याळाची काळजी नको, मागच्या खेपेस मी ते माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले होते, अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता.

कोंबड्यांवर आहे त्याच्या निम्मा लोभ मजवर ठेवलास तरी पुरे.

तुझा,
काट्या


गुरुवार, ता. ६

चि. काट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षरं डोंगराएवढी काढली आहेत. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर तूच खाली उतरव. मास्तरीणबाईंशी मी दोन दिवस बोलत नाहीये. चहाचं सांगायची काही गरज होती का?

तुझ्या दाराचं ऐकून मला आधी धडकीच भरली. उशिरी तुला माहीत आहे. साहेब, म्हणजे कोंबडा, सगळ्यांच्या आधी आत जाऊन मोक्याची जागा धरतो, बाकीच्या मागोमाग जातात, आणि ही बया मात्र उंबऱ्यावर उभी राहून आत जाऊ की नको करत बसते. तुझं दार तिच्या मानेवर पडलं तर? माझ्या हाताला कळतं कधी थांबायचं, तुझ्या मोटरला कोण सांगणार?

तरी वेळा लिहिल्या. मंगळवारी सहा एकावन्न, काल सहा पन्नास, आज सहा पन्नास. आत हात घालून पाठी मोजते, अकरा भरल्या की साहेब एक चोच मारतो, तो बारावा.

आता माझी अट ऐक. माझ्या देखत ते दार सलग तीन संध्याकाळी नीट लागलं, तर मी मुकाट्याने ऑपरेशनला जाईन. पण एका कोंबडीला जरी ओरखडा आला तर जाणार नाही, आणि मग तूही पुन्हा विषय काढायचा नाही. निम्मं आयुष्य बघून झालंय, उरलेलं चाचपडत काढीन.

जेवणाच्या वेळा पाळ. घड्याळं दुसऱ्यांची बघतोस, पोट स्वतःचं आहे.

तुझी,
आत्या


सोमवार, ता. १०

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, चालले! शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी आणि मालक दोघे स्टुलांवर बसलो, मी टायमर फिरवला आणि दार सरसर न करता, एखाद्या शहाण्या माणसासारखे हळूहळू खाली आले आणि टेकल्यावर मोटर स्वतःहून थांबली. मालक उठून उभे राहिले. त्यांनी टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी ठेवले.

उशिरीची काळजी मिटली आहे. मोटर दार ढकलत नाही, फक्त दोरी सैल सोडते. दार पातळ फळीचे आहे, स्वतःच्या वजनाने उतरते. मधे कोणी असेल तर त्याच्या पाठीवर नुसते टेकून राहते, दाबत नाही. मी आधी कोबीचा गड्डा ठेवून पाहिला, मग स्वतःचे मनगट ठेवून सतरा वेळा पाहिले. मनगटावर वळसुद्धा नाही. मालकांनी मान ठेवून बघ म्हटले, ते चेष्टेत होते असे मी धरले.

तुझ्या वहीतल्या वेळेला चार मिनिटे जोडून सहा चोपन्नवर खूण लावली आहे. रविवारी पहिल्या बसने येतो आणि बसवतो. पाचची बस धरून परतावे लागेल, म्हणजे पहिली संध्याकाळ मला पाहता येणार नाही, याचीच तेवढी हुरहुर आहे. सगळे लगेच कळव.

लोभ कोंबड्यांच्या निम्माच मागतो आहे, पण तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
काट्या


मंगळवार, ता. १८

चि. काट्यास,
आशीर्वाद.

रविवारी तू गेलास आणि दार लागलं. मी तिथेच कान लावून बसले होते, बऱ्याच वेळाने घुर्र असा बारीक आवाज आला, फळी टेकली, झालं. मला इतका आनंद झाला की मास्तरीणबाईंशी बोलायला लागले.

काल मात्र घात झाला. कोंबड्या आत गेल्या, मी पाठी मोजल्या आणि आता दार लागेलच म्हणून चूल बघायला आत आले. दार काही लागेना. बाहेर अंधार दाटला तरी उघडंच. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला तो दांडगा बोका आत शिरला असणार. आणि मग, काट्या, तुझं दार अगदी शिस्तीत खाली आलं आणि त्याच्या मागे बंद झालं.

आतला कालवा मी कसा सांगू. मी धावले, पण दार उघडायची कळ तू दाखवली होतीस ती माझ्या हाताला सापडेना. मी नुसती फळीवर थापा मारत राहिले. शेवटी मास्तरीणबाई बॅटरी घेऊन आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खुराड्याला हात लावला. बोका त्यांच्या दोन पायांमधून गेला. साहेबाने त्याचा एक कान फोडलाय, तो रक्ताचा माग सकाळी त्यांनी दाखवला. आपल्यातलं कोणी मेलं नाही. ठिपकीची शेपटी गेली आणि उशिरीच्या पंखाला जखम आहे, तिला टोपलीत घेऊन बसले आहे.

तुझी चूक म्हणत नाही. मनापासून केलंस. पण अट ती अट. आजपासून दार हातानेच लावते. डॉक्टरांना सोमवारी नकार कळवते.

तुझी,
आत्या


गुरुवार, ता. २०

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नकार कळवू नकोस. हे पहिले वाक्य दोनदा वाच.

तुझे पत्र काल आले. वाचून हातातला स्क्रू खाली पडला, तो अजून सापडलेला नाही. उशिरीला मीच जखम केली असे मला वाटते आहे. पण नुसते वाटून घेण्यात अर्थ नाही म्हणून मी पहिल्यापासून तपासायला घेतले. टायमर आठवडाभर दुकानात मोठ्या घड्याळाशेजारी चालत होता, त्यात खोट नाही. मोटरही वेळेवर फिरली. म्हणजे दार बरोबर सहा चोपन्नला लागले. मग तोवर अंधार कसा दाटला?

आमच्या दुकानासमोर अंडीवाल्याच्या आठ कोंबड्या आहेत. काल आणि आज मी दारात उभा राहून पाहिले. दोन्ही दिवस शेवटची कोंबडी साडेसहाला आत. मालक सगळ्यांना सांगतात, हा पोरगा आता गिऱ्हाइकांऐवजी कोंबड्या मोजतो. मोजू देत म्हणावे. आत्या, आभाळ तुझे आणि माझे एकच आहे, मग तुझ्या कोंबड्या वीस मिनिटे उशिरा कशा झोपतात? एक तर त्या सगळ्याच उशिरी आहेत, नाहीतर कुठे तरी वीस मिनिटे हरवली आहेत.

एकच कर. रेडिओवर सातच्या बातम्या सुरू होतील तेव्हा घड्याळाजवळ जाऊन उभी राहा आणि त्यात किती वाजले आहेत ते लिही. खरे लिही.

लोभाचे नंतर बोलू.

तुझा,
काट्या


शनिवार, ता. २२

चि. काट्यास,
अनेक आशीर्वाद.

बातम्या लागल्या तेव्हा घड्याळात सात वीस झाले होते. मला बघायला जायची गरजच नव्हती, मला ते माहीत होतं. तुझं पत्र ऐकताना मास्तरीणबाईंसमोर माझा चेहरा असा काही झाला की त्यांनी विचारलंच, काय लपवताय म्हणून. त्यांना सांगितलं, आता तुलाही सांगते.

तू सातवीत होतास तेव्हा रोज तुझी शाळेची बस चुकायची. पट्टी सापडत नाही, पेन्सिलीला टोक नाही, वहीचं कव्हर वाकडं बसलंय, तुझं ते काटेकोर काम तेव्हापासूनचं. ओरडून काही होईना. मग एक दिवस तू झोपलेला असताना मी स्टुलावर चढले आणि घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं. तुला सांगितलं असतं तर तू तेवढी वजा करून मोकळा झाला असतास. पुन्हा बस चुकली नाही.

नववीनंतर तू शाळा सोडलीस, कामाला गेलास. घड्याळाला ते कोणी सांगितलं नाही. मीही मागे केलं नाही. माझा स्वयंपाक, दूधवाला, कोंबड्या, सगळं त्याच वेळेवर बसलेलं. तू घड्याळांच्या दुकानात लागलास तेव्हा पंचाईत झाली. म्हणून तू येणार असलास की मी ते बरोबर करून ठेवते आणि तू गेलास की पुन्हा पुढे. त्या रविवारीही केलं. वही लिहिताना हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं तेच माझं खरं घड्याळ होतं.

तेव्हा दार बरोबर आणि मी चूक. डॉक्टरांना अजून काही कळवलेलं नाही. उशिरीने आज दाणे टिपले.

तुझी,
आत्या


सोमवार, ता. २४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मालकांना वाचून दाखवले. हसता हसता त्यांनी डोळ्याला लावलेले भिंग खाली पडले. मग ते उचलून त्यांनी मला न मागता चार दिवसांची रजा दिली.

मला इतकी वर्षे वाटायचे की बस रोज उशिरा येते. थांब्यावर मी एकटाच उभा असायचो. करायला काही नसायचे म्हणून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायचो, चुकीच्या शब्दांना मनातल्या मनात दुरुस्त करायचो. शाळेत फार शिकलो नाही, पण माझे शुद्धलेखन त्या वीस मिनिटांत पक्के झाले. हे मला आज कळले.

हिशेब असा. उद्या मंगळवार, मग बुधवार, मग गुरुवार. तुझ्या तीन संध्याकाळी बरोबर बसतात आणि शुक्रवारी सकाळी मी तुला दवाखान्यात नेतो. उद्या हे पत्र पोहोचायच्या आधी बहुतेक मीच पोहोचेन, तरी लिहिल्यावाचून राहवले नाही. दाराची खूण वीस मिनिटे मागे घेतो. दार उघडायच्या कळीला जाड दोरीचा गोंडाही बांधतो, म्हणजे ती अंधारातही हाताला लागेल. ती आधीच न बांधणे ही माझी चूक.

मी येणार म्हणून भिंतीवरच्या घड्याळाला या वेळी हात लावू नकोस. मला ते जसे आहे तसे पाहायचे आहे.

तुझा,
काट्या


शनिवार, ता. २९

प्रिय शेजारणीस,
स. न. वि. वि.

दवाखान्याच्या पत्त्यावर हे कार्ड, नर्सकडून वाचून घ्या. काल तुमच्या डोळ्यावर पट्टी बांधली गेली तेव्हा इकडे मी खिडकीत बसून मोजत होते. साहेब सर्वांत आधी, मग दहा, आणि शेवटी उशिरी उंबऱ्यावर. दार तिच्या पाठीवर येऊन टेकले. तिने वर बघितले, जणू कोणी हाक मारली, आणि आत गेली. आजही तसेच. बोका कुंपणावर बसून सगळे पाहत होता. दार लागल्यावर उठून गेला.

मी अजूनही खुराड्याजवळ जाणार नाही. पण खिडकीतली खुर्ची आता हलवणार नाही.

आपली,
शेजारीण


रविवार, ता. २०

चि. काट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ. एका पानावर अठ्ठावीस ओळी बसवल्या आहेत आणि एकही दुसरीवर चढलेली नाही.

पट्टी सुटून तीन आठवडे झाले. रोज काहीतरी नवीन दिसतं. ठिपकीला नवी शेपटी फुटते आहे. मास्तरीणबाई मला वाटत होतं त्यापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, हे मी त्यांना सांगून टाकलं, चहाची फिट्टंफाट झाली. आणि काल तुझं दार पहिल्यांदा नीट बघितलं. बोटांनी मी ते शंभर वेळा चाचपलं होतं, पण सगळ्या स्क्रूंच्या खाचा तू एका रेषेत आणून ठेवल्या आहेस, हे बोटांना कळलं नव्हतं. खुराड्याच्या आतल्या बाजूला, जिथे कोंबड्यांशिवाय कोणी बघणार नाही, तिथेसुद्धा.

संध्याकाळी मी पायरीवर बसते आणि त्या जाताना लांबून बघते. दार उतरतं. माझे हात रिकामे. दोन दिवस मला काही सुचलं नाही, घरात चोरी झाल्यासारखी बसून राहिले. मग सुचलं. येत्या शनिवारी मी तुझ्याकडे येते. दोन रात्री राहीन. तुझं दुकान मी अजून पाहिलेलं नाही. मालकांना सांग, भिंग सांभाळा.

आज दुपारी मास्तरीणबाईंना स्टूल धरायला लावून मी घड्याळ बरोबर केलं. तू येणार नव्हतास, तरी केलं. आता ते तसंच राहील. पण काटा मागे फिरवला आणि एकदम वीस मिनिटं माझ्या हातात आली. दूधवाला यायचा होता, चूल पेटवायची नव्हती, कोंबड्या अंगणात होत्या. त्या वीस मिनिटांत हे पत्र लिहिलं.

तू निम्मा लोभ मागत होतास. पूर्ण घे.

तुझी,
आत्या