मायाक्कानंतरचा घोट

सोलापूर,
मंगळवार, ९ एप्रिल २०२४

प्रिय शांतवन,

ताईचा सलाम. रूथ आणि दोन्ही मुली बऱ्या असतील. इथे ऊन बेचाळिसाला टेकलंय आणि पंखा गरम हवा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेऊन आणायचं काम प्रामाणिकपणे करतोय. आज पाडवा, शाळेला सुट्टी. सकाळीच समोरच्या महेश्वरीकडून श्रीखंड आलं. दोन दिवसांत ईद, म्हणजे जाहिदाकडून शीरखुर्मा येईल. ईस्टरला मी दोघींकडे काय पाठवलं, तर बेकरीतून आणलेला केक. सर्वधर्मसमभावात सगळ्यात आळशी आपण.

पत्र पाहून दचकला असशील. याआधीचं पत्र मी तुला लिहिलं ते तू पाद्री व्हायला सेमिनरीत शिकत असताना. तुझ्या उत्तरातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणीस चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवल्या होत्या. त्यानंतर तू जो फोन धरलास तो आजतागायत. पण हे मला फोनवर जमणार नाही. फोनवर तू मध्येच ‘देवाची स्तुती असो’ म्हणतोस आणि माझं वाक्य तिथेच संपतं.

तर विषय. २१ तारखेच्या महिला अधिवेशनात तू मायाक्काच्या शेवटच्या प्रभुभोजनावर बोलणार आहेस आणि त्यात मी आहे, असं तुझ्या निरोपात वाचलं. आमच्या प्रसन्न पाळकांनी तुला सगळं सांगितलं म्हणे. कुष्ठरोगानं बोटं झडलेली म्हातारी, तिनं मरणाआधी मागितलेला जुना सामाईक पेला, आणि तिच्यानंतर त्याच पेल्याला ओठ लावणारी संस्कृतची बाई. सांगताना त्यांनी डोळे पुसले, ऐकताना तू.

ते प्रवचन करू नकोस.

हा विनय समजू नकोस. माझ्या अंगी विनय किती, ते आमच्या शाळेतल्या चार मुख्याध्यापकांना विचार. कारण सांगते. पण आधी तुला माहीत असलेलं लिहिते, म्हणजे माहीत नसलेलं लिहायला हात वळेल.

आई दवाखान्यात ड्यूटीला गेली की आपण दोघं मायाक्काकडे. ती मैंदर्गीची. विशीत अंगावर चट्टे उठले तेव्हा सासरच्यांनी ‘बरी झालीस की ये’ म्हणून सोलापूरच्या गाडीत बसवून दिली. औषधांनी ती बरी झाली, पण तोवर बोटं गेली होती, आणि न्यायला कोणी आलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेब तिचं नाव मरियम ठेवत होते, तर ही म्हणाली, “नगं साहेब. उद्या घरची मान्सं हुडकत आली तर मायाक्का कुटं हाय म्हनूनच इचारतील की.” साठ वर्षांत कोणी विचारत आलं नाही. नाव मात्र तिनं तयार ठेवलं होतं.

तिच्या हातांना गरम-गार कळत नसे, म्हणून तुझ्या आंघोळीचं पाणी ती कोपराच्या आतल्या बाजूनं बघायची. तू नावाचा शांतवन, रडून गल्ली डोक्यावर घ्यायचास. मला एरंडेल द्यायची ड्यूटीही तिचीच. मी ते गालात धरून मागच्या दारी थुंकते, हे तिनं दुसऱ्याच दिवशी ओळखलं. मग पद्धत बदलली. माझी मान वर करून तीच कोपराची आतली बाजू गळ्याला लावायची. “गिळ. गळा हलाय पायजे.” गळा हलला की दुसरी परीक्षा. “आता आ कर.” या दोन्हींतून सुटलेलं पोर मी पाहिलं नाही. वर्गात मी अजून तीच पद्धत चालवते. एक प्रश्न उत्तरासाठी, दुसरा लबाडीसाठी.

चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर. कोणी बसवलं नव्हतं, आपणहून बसायची. प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा एकच मोठा पेला सगळ्यांच्या ओठांवरून फिरत शेवटी तिच्याकडे जायचा. आणि मग, तुला आठवत असेल, आई उठायची. सगळी रांग संपल्यावर दुसऱ्या बाकावरून उठून चालत मागे जायची. मायाक्कानंतरचा घोट आईचा. मला तेव्हा लाज वाटायची, सगळे वळून बघतात म्हणून. आई कुष्ठरोगाची नर्स. बरं झालेलं माणूस कोणाला रोग देत नाही, हे तिला माहीत होतं. अर्थात माहीत मलाही होतं. तिनंच शिकवलं होतं.

२००९ला आई गेली. त्यानंतर तो घोट कोणाचाच नव्हता. मायाक्का प्याली की पाळक उरलेलं घेऊन कड पुसायचे आणि पेला झाकून ठेवायचे. मी दुसऱ्याच बाकावर बसत राहिले. जागा चांगली आहे, पंख्याखाली.

मग कोरोना आला, आणि सामाईक पेला कपाटात गेला. पुण्याहून काचेचे चाळीस छोटे पेले आले, ट्रेसकट. ते भरायची आणि धुवायची सेवा माझ्याकडे. तेव्हा मंडळीत असं ठरलं की एका पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावावा, आणि तो ट्रेच्या कोपऱ्यात असा ठेवावा की मायाक्काच्याच हाती जाईल. वयस्क बाई, प्रकृती नाजूक, तिच्याच भल्यासाठी, वगैरे.

वरची ओळ मी खोडत नाही. मुलांना मी सांगते, चुकलेलं खोडू नका, खाली बरोबर लिहा. तर खाली लिहिते. मंडळीत काही ठरलं नव्हतं. चर्चच्या पंचांतलं कोणी बोललं नव्हतं, पाळक बोलले नव्हते. नेलपॉलिश मी विकत आणलं, आयुष्यात पहिल्यांदा, वयाच्या पन्नाशीत. दुकानदारानं “मॅडम, शेड कुठला?” विचारलं. मी म्हटलं, “उठून दिसेल असा.”

तीन वर्षं निभावलं. मागच्या ऑगस्टात मी तापानं पडले, तेव्हा पेले धुवायला खजिनदारांची नवी सून पायल थांबली आणि मदतीला मायाक्का. पायल सरळ मनाची पोर. तिनं विचारलं, “आजी, हा लाल ठिपक्याचा तुमचा ना? तबिथाबाई वेगळा ठेवतात.” मायाक्कानं तो पेला उलटा करून मोतीबिंदूच्या डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, “व्हय, माजाच. रंग लई ब्येस हाय.” पायलनं मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले.

पुढच्या महिन्यात ट्रे समोर आला तेव्हा मायाक्कानं हात जोडले आणि ट्रे पुढे जाऊ दिला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग ती यायचीच थांबली. तू फोनवर विचारायचास, चर्चला येते ना गं मायाक्का आपली? मी म्हणायचे, गुडघे. शांतवन, तिचे गुडघे तुझ्यामाझ्या गुडघ्यांपेक्षा बरे होते.

मी तिच्याकडे जात नव्हते असं नाही. जाहिदाच्या घरामागच्या खोलीत ती राहायची. दर शनिवारी मी डबा न्यायचे. ठिपक्याचा विषय तिनं काढला नाही आणि मी निघू दिला नाही. एकदाच म्हणाली, “तबे, तुजी आई लई हट्टी बाई व्हती.”

“का गं?”

“मी म्हनायची, बाई, तुमी माज्या आदी प्या. ऐकायची न्हाय.”

मी डब्याचं झाकण उघडलं आणि वांग्यात मीठ जास्त झालंय का, विचारलं.

उत्तम शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, जाहिदाचा फोन आला. “बाई, अम्मा कुछ खा नै रै. पाद्रीसाब कू बुलाव बोलते.” प्रसन्न पाळक आणि मी गेलो, छोटे पेले घेऊन. जाहिदाचा रोजा होता. तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि ती मायाक्काला पेज भरवायला बघत होती, ओठांवरून ओघळलेली आपल्या ओढणीनं पुसत होती.

मायाक्कानं चाचपून छोटा पेला ओळखला. “ह्यो नगं. जुना आना, मोटा. मी पेते, मग तबी पेल.”

पाळक जागच्या जागी गहिवरले. चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. किल्ली हरवली असं सांगावं, हा विचार माझ्या मनात आला होता, हेही लिहून ठेवते. पण त्यांनी हात पुढे केला आणि मी ती दिली. स्कूटरवरून दहा मिनिटांत ते पेला घेऊन आले.

प्रार्थना झाली, भाकर झाली. पाळक प्याले. मग त्यांनी पेला तिच्या ओठांना लावला. ती प्याली, थोडं हनुवटीवर सांडलं. म्हणाली, “आता तबी.”

मी पेला घेतला. कडेवर तिच्या ओठांचा ओला ठसा होता. तो मी बघितला. बघायला नको होता. मला सगळं माहीत होतं, शांतवन. साठ वर्षांपूर्वी बरी झालेली बाई. ज्या आईचं दूध आपण प्यालो ती तिच्यानंतर पीत होती. मला सगळं माहीत होतं आणि माझे ओठ मिटले. मी पेला लावला, तिरका केला, द्राक्षारस मिटल्या ओठांना लागला आणि परत गेला.

“वाक की जरा,” मायाक्का म्हणाली.

मी वाकले. तिनं हात वर केला आणि कोपराची आतली बाजू माझ्या गळ्याला लावली.

पाळकांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देते आहे. ‘आजींनी ताईंना जवळ घेतलं’, असंच सांगितलं ना त्यांनी तुला? ती थांबली होती. तापलेला, हलका हात. मी तोंडातली थुंकी गिळली. गळा हलला.

“व्हय,” ती म्हणाली. “गिळलंस.”

मी पुढच्या शब्दांची वाट बघत तशीच वाकून उभी राहिले. चोपन्न वर्षांची घोडी, जिभेवर द्राक्षारसाचा टिपूस नाही. ती म्हणाली नाही. हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पाळकांनी उरलेलं घ्यायला पेला मागितला. मी म्हटलं, मी संपवला. फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि सदाफुलीच्या कुंडीत ओतला. सदाफुलीला काही झालेलं नाही. उलट बहरली आहे.

मंगळवारी मायाक्का गेली. तू विचारलंस, “शेवटचं प्रभुभोजन मिळालं ना तिला?” मी ‘हो’ म्हटलं. ते ‘हो’ हे असं आहे.

दफनाला चर्च भरलं होतं. जन्मात तिच्या बाकावर न बसलेल्यांनी पेटीला खांदा द्यायला रांग लावली. या रविवारी महिला मंडळानं माझा सत्कार केला. शाल-श्रीफळातलं श्रीफळ आपल्यात चालत नाही, आणि सोलापुरात शालीपेक्षा चादर स्वस्त, म्हणून चादर आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाच्या तबकडीवर माझं नाव आणि खाली ‘ख्रिस्ती प्रीतीचा आदर्श’. ते मी वजन जास्त होतं म्हणून तिथेच ठेवून आले.

आदल्या दिवशी मी तो ठिपका रिमूव्हरनं पुसून काढला होता. स्वच्छ निघाला. आता चाळिसांतला तो कोणता, मलाही ओळखू येत नाही. परिणाम असा की रविवारी ट्रे समोर आला आणि मला एकही पेला उचलवेना. मी हात जोडले, ट्रे पुढे जाऊ दिला. मागून पायलची सासू कुजबुजली, “बाईंनी किती मनाला लावून घेतलंय बघा.”

तू मला ताबडतोब क्षमा करशील. तुझा हात त्यासाठी कायम खिशाबाहेर असतो. नको. आणि माझ्यावर रागावण्याआधी २०१८चा नाताळ आठव. मायाक्कानं तुझ्या धाकटीला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तू हसून म्हणालास, “बेटा, आजीला लांबूनच सलाम कर, आजी दमलीय.” ती म्हणाली, “व्हय, लई दमले बग.” तुझ्यासाठी केलेल्या करंज्यांचा डबा काखेत धरून ती होटगी रोडपासून चालत आली होती.

हे तुला टोचावं म्हणूनच लिहिलं. तू त्या घरी असतास तर काय केलं असतंस, ते मला कळवू नकोस. तुला कळलं तरी पुरे.

२१ तारखेला बोलायचंच असेल, तर माझ्या नावासकट हे सगळं सांग. नाहीतर दुसरा विषय घे, शास्त्रात विषयांना तोटा नाही. पण त्या बायकांना माझं उदाहरण देऊन घरी पाठवू नकोस. त्यांतल्या कोणाच्या तरी शेवटच्या बाकावर कोणीतरी बसलेलं असेल.

दहा दिवस झाले. ती ‘आ कर’ म्हणाली नाही, आणि दुसऱ्या कोणाला म्हणायचं सुचत नाही. म्हणून तुझ्यापुढे, कोणी न सांगता, केलं आहे. नीट बघून घे.

तुझी,
तबी