तीन बोटं जास्त

अप्पा, तुमची लाकडाची कड शेवटी कुजली. काल पायरीपाशीची फळी ओढली, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटून हातात आली आणि आतून वाळवी सैरावैरा पळाली. खोक्याचं चिडाचं लाकूड ते, दोन-तीन पावसाळे काढले तरी पुष्कळ, असं तुम्हीच म्हणाला होतात. तुम्ही होतात तोवर दर उन्हाळ्यात तिला डांबर पाजत होतात, नंतर मी पाजत राहिले, मधल्या काही फळ्या बदलल्याही. आई गेली, शेजारची बैठी घरं पाडून तिथे मजल्यांवर मजले चढले, मलकपेठेत आता आकाश बघायला गच्चीवर जावं लागतं. पण पायरीपासून फाटकापर्यंत तुमची कड होती आणि तिच्या आत हरळी होती. आता नवी कड मीच घालते आहे. शेजारचं घर पाडलं तेव्हा सागाच्या जुन्या चौकटी मागून घेतल्या होत्या, त्यांच्या फळ्या पाडून आणल्या आहेत. आयुष्यभर माइकसमोर उभी राहिलेली बाई फावडं घेऊन चर खणते म्हणून गल्ली माझी मजा बघते आहे. बघू देत. मी पायरीवर बसून दम खाते आहे आणि मांडीवर कागद घेऊन तुम्हाला लिहिते आहे.

माझ्या शेजारी तुमची पट्टी आहे. चामड्याच्या म्यानातली, पोलादी. हिची माझी पहिली भेट तुमच्या कारखान्यात झाली, दसऱ्याला. त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची आणि घरच्या माणसांना आत सोडायचे. तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये सागाच्या भुशाचा आणि लाखेच्या पॉलिशचा वास भरलेला, भिंतीला लाल-पिवळ्या रंगातले लाकडी नमुने टांगलेले. पंपाचं पोट, चाकाचे दाते, सगळं आधी तुम्ही लाकडात घडवायचं, मग ओतशाळेत तो नमुना वाळूत दाबून साचा करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचे. मी चौथीत असेन. तुमच्या टेबलावरची पट्टी उचलली, माझ्या शाळेच्या पट्टीला लावली, आणि सगळ्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अप्पा, तुमची पट्टी चुकीची आहे! मोठी आहे!" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. पट्टी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "आधी विचारावं, मग ओरडावं." नंतर समजावलंत: तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, दर वेळी हिशेब नको म्हणून या पट्टीवरचा प्रत्येक इंचच केसभर ताणून आखलेला असतो. मोठ्या मापाने केलं, की थंड झाल्यावर वस्तू बरोबर मापाची उतरते. मला ते जादूसारखं वाटलं. पण लक्षात राहिला तो तुमचा आवाज. पुढे मी हजारो माणसांसमोर ओरडले, अप्पा, आणि प्रत्येक वेळी व्यासपीठावर चढताना ते वाक्य पायात आलं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सगळे म्हणत होते की देश खुला झाला. तुमच्या कारखान्यात परदेशी यंत्र आलं. संगणकावर आकृती द्यायची, यंत्र नमुना कापून देणार. त्याच्या पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. त्या कागदातला 'स्वेच्छा' हा शब्द वाचून माझ्या अंगाची लाही व्हायची. कुणाची इच्छा? ज्याने हाताने चाकाला दाते दिले त्याची, की दिल्लीत बसून आकडे मांडणाऱ्याची? आजही मला त्या धोरणावर उठून बोलायला सांगा, मी तेच बोलेन; ज्यांचे हात रिकामे झाले त्यांना नव्या दुकानांच्या झगझगाटात कुणी मोजलं नाही. त्या वेळी मी कॉलेजात शिकवत होते, मिळेल ते वाचत होते, आणि संध्याकाळी कारखान्यांच्या फाटकांवर बोलत होते. मला एकच गोष्ट हवी होती. तुम्ही त्या कागदावर सही करू नये, आणि तुमच्या कारखान्याच्या फाटकावर सभा होईल तेव्हा माझ्या शेजारी उभं राहावं. बोलू नका, नुसते उभे राहा.

तुम्ही सही केलीत. मला न सांगता. आणि वर, ते यंत्र ज्या खोक्यांतून आलं होतं त्यांच्या फळ्या बंडीवर लादून घरी आणल्यात! फळ्यांवर काळ्या रंगात छत्री आणि पेला छापलेले, भिजवू नका, आपटू नका म्हणून. मी सभेहून आले तर अंगणात त्या रचलेल्या. माझा भडका उडाला. "अप्पा, ज्याने तुमचं काम खाल्लं त्याची खोकी आपल्या दारात?" तुम्ही एका फळीवरून तळवा फिरवत होतात. "यंत्राने खाल्लं. लाकडाने काय केलं?" म्हणालात. मी विचारलं, याचं करणार काय. "लॉन करायचंय. कडेला पट्टी." लॉन! मी दहा मिनिटं तरी बोलले असेन. लॉन ही साहेबांच्या बंगल्याची चैन, जिथे प्यायला पाणी दिवसाआड येतं तिथे गवत पोसायचं हा माज आहे, वगैरे. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "साहेबांच्या लॉनवरून रोज सायकलने जायचो. कड वाकडी होती त्यांची. इतकी वर्षं डोळ्यात खुपली." आई दारातून म्हणाली, "झालं? आता दोघंही जेवायला या, बाई. एक गवतावर बोलतंय, एक कडेवर."

ते दिवस मला आता जसेच्या तसे दिसतात. तुम्ही सुतळी ताणून खुंट्या ठोकताय. आईच्या शिवणाच्या टेपने जमीन मोजताय, कारण तो लांब आहे आणि जमिनीवर वळतो. चर खणताना पहार ठण्णकन खडकावर आपटते, हैदराबादची जमीन, वीतभर माती की खाली दगड, आणि तुम्ही चिडत नाही. तिथे खुंटी आखूड कापता. नळीत पाणी भरून पातळी बघता. फळ्यांची खालची बाजू डांबरात बुडवायची म्हणून जुन्या डब्यात डांबर घेता आणि थेट आईच्या स्टोव्हवर ठेवता. त्या दिवशीची आई विसरणं शक्य नाही. पदर नाकाला लावून उभी. "रिटायर झालेला नवरा आणि डांबर, दोन्ही माझ्या स्वयंपाकघरात नक्को! हौ, सांगून ठेवते." वरणाला कितीतरी दिवस तो वास येत होता, आणि तुम्ही मुकाट्याने ओरपत होतात. मी मात्र तुमच्याशी बोलत नव्हते. जाता-येता पायरीवरून बघायची, तुमचं ते काम करणं. रंधा मारताना खांदे हलत नाहीत, नुसते कोपर. अंगणात एका माणसाचं पॅटर्न शॉप पुन्हा सुरू झालं होतं, आणि मला ते शरणागतीसारखं दिसत होतं.

फाटकाजवळ कड गोलात वळवायची होती. तिथल्या फळीला मागच्या बाजूने करवतीने एकमेकींलगत खाचा पाडून तुम्ही ती रात्रभर पाण्यात भिजत घातली होती. नेमका तो रविवार सभेचा. मी साडीला पिन लावत बाहेर आले, शेवटचं विचारलं, "येणार नाही ना?" तुम्ही म्हणालात, "फळी ओली आहे तोवरच वाकेल. ऊन लागलं की संपलं." "एकट्याने वाकेल?" "बघू." मी तडकले. "फळी वाकवा, अप्पा. सगळेच वाकतायत, फळी तरी का राहावी!" फाटक आपटून निघाले. ते तेव्हा शेवटचं पुरतं उघडलं.

सभा झाली. परत आले तेव्हा ऊन उतरलेलं नव्हतं. आईने विचारलं, "एवढ्या लवकर? बोलू दिलं नाही का?" मी म्हटलं, झालं बोलून. तुम्ही उकिडवे बसला होतात. फळीचं एक टोक ठोकलेलं, दुसरं पोत्याने झाकून ओलं ठेवलेलं. तुम्ही वर पाहिलं नाहीत, एवढंच म्हणालात, "ते टोक धर." साडीचा ओचा खोचून मी बसले. फळी हळूहळू वाकत होती, खाचा एकेक करून मिटत होत्या, लाकूड कुरकुरत होतं. तुमच्या तोंडात खिळे. "दाब देऊ नको. वजन दे नुसतं," असं काहीतरी खिळ्यांतून ऐकू आलं. मग वळण बसलं. एका ओघात, कुठे कोन नाही, पाणी वळावं तसं. तुम्ही शेवटचा खिळा मारलात आणि मी भांडण विसरून म्हणाले, "वा!"

तेवढ्यात फाटकाबाहेर सायकलची घंटा. ओतशाळेतले तुमचे जुने दोस्त, मी ज्यांना चाचा म्हणायची. तुमच्या नमुन्यांवरून जन्मभर साचे घातलेला माणूस. सभेहून थेट आले होते. "उस्ताद, बेटी ने क्या बोली आज! पूरा गेट हिला दी!" असं म्हणत त्यांनी फाटक आत ढकललं आणि ते ठक्कन फळीवर आदळलं. पुन्हा ढकललं, पुन्हा ठक्. कड फाटकाच्या वाटेत तीन बोटं पुढे आली होती. तुम्ही उठलात, आईचा टेप घेतलात, मोजलंत, पुन्हा मोजलंत. आई म्हणाली, "माझ्या टेपला नावं ठेवू नका हं, ब्लाउज कधी चुकला नाही त्याने." मग तुमची नजर ओट्यावर गेली. तिथे म्यानातून काढलेली पट्टी होती. जमीन तुम्ही आईच्या टेपने मोजली होती, आणि फळ्या कापताना हात सवयीने त्या पट्टीकडे गेला होता. प्रत्येक इंचामागे केसभर जास्त, पायरीपासून फाटकापर्यंत साचत साचत तीन बोटं.

चाचांनी पट्टी बघितली आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. जागच्या जागी गुडघे धरून हसायला लागले. "क्या उस्ताद! इसमें लोहा ढालने वाले हैं क्या?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसत नव्हतात. ज्या माणसाचा नमुना चुकला म्हणून कधी परत आला नाही तो आपल्याच अंगणात उभा होता आणि त्याचे हात त्याला सांगत होते की आपण अजून तिथेच आहोत, शॉपमध्ये. त्या हातांना कुणी सही करायला सांगितलंच नव्हतं. मला तुमच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी पुढे झाले. आई म्हणाली, "कापून टाका की तेवढं." तुम्ही मान हलवलीत. चाचांच्या खांद्यावर हात ठेवलात, आणि मग कुठे तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "नक्को. थंडा होने दो, मियाँ. बरोबर बैठेगा."

ती कड कधी बसली नाही आणि तुम्ही ती कधी कापली नाहीत. त्या दिवसापासून या घरात प्रत्येक माणूस एक खांदा आधी घालून, तिरका होऊन आला. टपालवाला, दूधवाला, माझ्या चळवळीतली माणसं, सगळे. तुम्हाला नेलं तेव्हा फाटक बिजागरीवरून उचलून काढावं लागलं. चाचांनीच काढलं. आणि तुम्ही गल्लीच्या वळणावर गेल्यावर त्यांनीच परत अडकवलं.

त्या सभेनंतर काही दिवसांनी तुम्ही ही पट्टी माझ्या पुस्तकांवर आणून ठेवलीत. मी म्हटलं, मी काय करू हिचं? "ठेव. तू मोठं बोलतेस असं मी म्हणायचो. बोल. ऐकणाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत गार होतं, आकसतं. थोडं जास्तच बोलावं लागत असेल." मी लगेच धरलं, "म्हणजे तुम्हाला पटतं माझं?" तुम्ही म्हणालात, "फाटक हळू लावत जा. फळीला मार बसतो." त्यापुढे तुम्ही त्या विषयावर एक अक्षर बोलला नाहीत, आणि मी सगळ्या जगाशी वाद घातला पण तुम्हाला पुन्हा विचारलं नाही.

आता सागाची शेवटची फळी कापायची आहे. बेगम बाजारातून नवा टेप आणला आहे, तो खिशात आहे. सकाळपासून मी तो बाहेर काढलेला नाही. चर मी तुमच्या जुन्या चरावरूनच खणला आहे, तीन बोटांसकट. या वयात मला सरळ आत यायला जमणार नाही.

हे पत्र घेऊन जाणारा कुणी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या रविवारचं माझं भाषण अजून जुनी माणसं काढतात. थोडक्यात बोललीस, म्हणतात, म्हणून काळजाला भिडलं. अप्पा, माझ्याकडे अजून तासभर बोलण्याइतकं होतं. पण ऊन चढत होतं, मला ते माइकवरूनही दिसत होतं, आणि तुमच्या फळीचं दुसरं टोक धरायला तुमच्यापाशी कुणी नव्हतं.