थोरला, धाकटा आणि आईंची गोधडी

मलिंगार (आयर्लंड), शनिवार

तीर्थरूप बाबांना आशुतोषचा वाकून नमस्कार.

गुडघा काय म्हणतो? व्यायाम रोज करतो असं तुम्ही फोनवर सांगता, आणि फोन ठेवला की स्मृती म्हणते, बाबा धादांत खोटं बोलतायत. (डॉक्टर मुलीपुढे कुणाचं चालत नाही. माझंही नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल. हा शब्द मी परवापर्यंत रीत म्हणून लिहीत असे, आज मनापासून लिहितोय. खरं तर फोनवरच सांगणार होतो, पण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आणि आई पलीकडच्याच खोलीत, म्हणून ईमेल. तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून वाचणार हे ठाऊक असल्यामुळे अक्षर मोठं ठेवलंय.

मागच्या दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, जावईबापू, सध्या काय चालू आहे? मला तेव्हा एकाएकी खोकला आला होता. बाबा, तो खोकला खोटा होता. स्मृती इथल्या हॉस्पिटलात नोकरीला लागली, तिच्या मागोमाग मी आलो, आणि घर बांधायच्या आधीच ते कसं दिसेल याची चित्रफीत करून द्यायचा धंदा घरातूनच सुरू केला. पण वर्षभर मिळालं ते कुणाचं स्वयंपाकघर, कुणाची बाथरूम, एकदा तर कुणाच्या कुत्र्याचं खोपटं. मग महिन्यापूर्वी डेक्लन भेटला. हा इथला बिल्डर, बोलताना प्रत्येक माणसाला 'युअर मॅन' म्हणतो, त्यामुळे तो कुणाबद्दल बोलतोय हे मला अजून एकदाही कळलेलं नाही. त्याला बारा घरांच्या वसाहतीची चित्रफीत हवी होती, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, जमिनीच्या मालकांना दाखवायला. आवडली तर पुढचं वर्षभराचं काम माझं. नाही आवडली किंवा वेळेवर नाही झाली, तर मी दुकान बंद करून सुपरमार्केटात ट्रॉल्या गोळा करायला जाणार, असं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

नेमकं तेव्हाच माझं जुनं ग्राफिक्स कार्ड मान टाकून बसलं. (संगणकात चित्र काढण्याचं काम करतो तो भाग. तुम्ही वीज मंडळातले इंजिनियर, तुम्हाला मी काय सांगणार, पण प्रिंट दुकानवालाही वाचतो म्हणून लिहिलं.) मी नवीन एक मागवलं, आणि गॉलवेच्या माझ्या मित्राने, आलोकने, त्याचं मोठं कार्ड आठवडाभर वापरून बघ म्हणून दिलं. दोन्ही टेबलावर मांडली तेव्हा आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि आलोकच्या कार्डाला थोरला, माझ्याला धाकटा अशी नावं देऊन मोकळ्या झाल्या. थोरला तीन पंख्यांचा, सोळा जीबी मेमरीचा, वीज खातो तीनशे वीस वॅट. धाकटा दोन पंख्यांचा, बारा जीबीचा, दीडशे वॅटवर समाधानी. चित्रफीत म्हणजे हजारो चित्रं, त्यातलं एक काढायला थोरल्याला वीस सेकंद, धाकट्याला पस्तीस. थोरला अठ्ठ्याहत्तर अंशांपर्यंत तापतो, धाकटा साठ ओलांडत नाही. मी याचा रंगीत तक्ता केला, रेषा मारल्या, आलेख काढले. स्मृती म्हणाली, माझ्याशी लग्न ठरवताना इतकी चौकशी केली होतीस का?

आईंची परीक्षा मात्र वेगळी होती. त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हापासून इथल्या थंडीत इडलीचं पीठ काही फुगत नव्हतं. इथे घरोघरी टॉवेल वाळवायचं एक उबदार कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. आमच्याकडेही आहे, पण घरमालकाने त्यातली गरम पाण्याची टाकी काढून टाकली, त्यामुळे आता नुसतं प्रेस, म्हणजे कपाट, उरलंय. मग आईंनी संगणकाचा डबा शोधून काढला. त्याच्या डोक्यावर पिठाचं पातेलं. धाकटा होता त्या दिवशी पीठ जसंच्या तसं, थोरला बसवला त्या दिवशी दुपारीच झाकण वर आलं. आईंनी निकाल देऊन टाकला. (मला माझ्या तक्त्यावर तीन दिवस घालवल्याचं वाईट वाटलं, कारण माझाही निकाल तोच होता.)

थोरल्याला कामाला लावलं. शुक्रवारी सकाळी तीन चतुर्थांश चित्रफीत तयार होती, दुपारी तीनपर्यंत सगळी होणार होती, म्हणून मी निश्चिंत मनाने डेक्लनबरोबर जागा बघायला गेलो. बाराच्या सुमारास परत आलो तर घरात शांतता. पंख्यांची घरघर नाही, काही नाही. खोलीत पाहतो तो संगणकाच्या जागी गोधडी! आईंनी संध्याकाळच्या आनंदासाठी पीठ घातलं होतं, खिडकीच्या फटीतून वारा येत होता, आणि थंडीत आपण पातेल्याला पांघरूण घालतोच. पातेलं संगणकावर होतं, म्हणून संगणकालाही घातलं. चारी बाजूंनी छान खोचून. थोरला आतल्या आत शिजला आणि बंद पडला.

बाबा, सगळं संपलं असं वाटलं, आणि तुम्ही पुढच्या दिवाळीत पुन्हा विचाराल तेव्हा कसं खोकायचं याचा विचारही सुरू झाला. आई दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का रे?" मी नाही म्हटलं, पण माझा चेहरा हो म्हणत होता.

पण ही कार्डं आपल्यापेक्षा शहाणी असतात. फार तापली की जळून जाण्याआधी स्वतःच बंद पडतात. गोधडी काढली, खिडक्या सताड उघडल्या, अर्ध्या तासाने बटण दाबलं आणि थोरला घरघरायला लागला! मला रडूच आलं. झालेली चित्रंही सगळी जागच्या जागी होती. फक्त वेळ गेला होता, आणि एकट्या थोरल्याच्याने पाचपर्यंत होणार नव्हतं. मग तो तक्ता अखेर कामाला आला. माझा जुना संगणक प्रेसमध्ये पडून होता. त्याला थोरल्याची वीज झेपली नसती, पण धाकट्याचे दीडशे वॅट झेपले. उरलेली चित्रं थोरला पुढून, धाकटा मागून काढत, असे दोघं एकमेकांकडे निघाले. इतके दिवस मी यांतला एक निवडायला बसलो होतो, बघा! आई ओव्हरकोट घालून, कानाला मफलर बांधून, वर्तमानपत्राने थोरल्याला वारा घालत बसल्या. मी पंखे आहेत म्हटलं, तरी उठल्या नाहीत.

पाचला दहा मिनिटं कमी असताना चित्रफीत गेली. सहाला डेक्लनचा फोन आला. "ग्रँड," म्हणाला. (इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पावसालासुद्धा.) मी विचारलं, म्हणजे काम मिळालं का? तर म्हणाला, वर्षभराचं, आणि युअर मॅनला झाडं फार आवडली. कुणाला ते कळलं नाही, पण बाबा, सध्या माझं काम चालू आहे.

स्मृतीचा नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा,
आशुतोष

ता. क. – इतके वॅट आणि अंश लिहिले ते उगाच नाही. आई कालपासून नीट जेवल्या नाहीत. जावयाचं नुकसान केलं म्हणून लवकरचं तिकीट काढून द्या म्हणतायत, बॅग भरून झाली आहे. कार्ड ठणठणीत आहे हे मी दहादा सांगितलं, पण जावई आपला बरं वाटावं म्हणून बोलतो असं त्यांना वाटतं. विजेच्या बाबतीत त्या फक्त तुमचं ऐकतात. तेव्हा फोन करा, वरचे आकडे वाचून दाखवा, काही बिघडलं नाही असं इंजिनियर म्हणून सांगा, आणि ठरल्याप्रमाणे जूनपर्यंत राहा म्हणा. त्या गेलेल्या मला चालणार नाहीत.

ता. क. २ – राहा म्हणताना मात्र जरा आढेवेढे घ्या. तुम्ही पटकन राहा म्हणालात, तर माझ्यावाचून यांचं छान चाललंय असं वाटून त्या उद्याच्याच विमानाने येतील.