पान दोनशे बारा

३ जून

तपकिरीच! ठरलं. नव्या उपदेशकांसाठी मंडळीच्या वाचनालयात बायबलवरचा एकच भाष्यग्रंथ घ्यायचा, आणि निवड पाळकाने, म्हणजे मी, करायची. टेबलावर चार होते. एक इतका विद्वान की झोपेची गोळी नको. दुसऱ्यात नुसत्या गोष्टी. तिसरा अवघड वचन आलं की पायाला पाय लावून पळतो. माझा जुना, तपकिरी पुठ्ठ्याचा, तसा नाही. विरुद्ध मत आधी पूर्ण मांडतो, अगदी त्याचीच वकिली करत असल्यासारखं, आणि मग खोडून काढतो. वीस वर्षं त्याच्या जिवावर उपदेश केले. रविवारी जाहीर करीन.

५ जून

तपकिरीला कव्हर घालायला बायकोला दिला होता. ती छापखान्यात मुद्रितं तपासते, तिची नजर आधी पानाच्या आकड्यावर जाते. म्हणाली, "२११ नंतर एकदम २१४?" मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली! तिने किटलीच्या वाफेवर वरचा अर्धा भाग सोडवला. २१२ ची पहिलीच ओळ — "हे मत मला मुळीच मान्य नाही."

कुठलं मत? तर २११ वरचं. नवरा मारत असला तरी बायकोने परत जावं, सोसावं, हे. आणि मी ते ग्रंथकाराचा निर्णय म्हणून सांगितलं — बारा वर्षांपूर्वी, भर उपासनेत! ताई, माझी थोरली बहीण, तिसऱ्या बाकावर होती. नवऱ्याला सोडून माझ्याकडे येऊन तिला दोनच आठवडे झाले होते. उपदेश ऐकला, घरी येऊन पिशवी भरली, परत गेली. वर्षाने आली ती डावा कान गमावून.

देवा! डिंकाच्या एका ओघळापायी!

६ जून

तिला सांगायलाच हवं.

७ जून

सांगितलं. कान गमावून आली तेव्हापासून ताई आमच्याच मागच्या खोलीत राहते. उजव्या बाजूला बसलो, तिकडूनच तिला ऐकू येतं. पुस्तक दाखवलं. चिकटलेल्या कडेवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम नव्हतं सांगितलंस. मला वाटायचं, लोकांत शोभा नको म्हणून मला घालवलंस."

बारा वर्षं हे मनात ठेवलं, आणि इथे आल्यापासून रोज मला चहा करून देत होती! मी लहान पोरासारखा रडलो. तिने डोक्यावरून हात फिरवला. किती हलकं वाटलं, काय सांगू. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. बायको म्हणते, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं.

९ जून

खालचा अर्धा भाग काही सुटेना. पुस्तक बाइंडरकडे देऊन आलो.

११ जून

बाइंडरने पानं अलगद सोडवून दिली. वर ओशाळून म्हणाला, "डिंक माझाच, साहेब. चार वर्षांपूर्वी कणा सुटला म्हणून दिलं होतंत ना, तेव्हा सांडला असणार."

चार! उपदेशाला बारा झाली. म्हणजे तेव्हा पानं सुटी होती. मग मी २१२ वाचलं कसं नाही? की वाचलं? छे, आठवतच नाही. पुस्तक पिशवीतून काढलेलं नाही. काढवत नाही.

१२ जून

काढलं. २१२ च्या तळाशी, समासात, पेन्सिलीने बारीक लिहिलंय — "हे रविवारी सांगू नये. ताई इथेच राहील. लोक बोलतील."

अक्षर माझं.

ताई मागच्या खोलीत गुणगुणते आहे. पुस्तक घेऊन तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसतो.