थ्रीडी चष्म्याखालचं पाणी

अण्णा, तुमच्या नातीने काल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी टाकली. सुपरहिरोंच्या सिनेमांतले आणि मालिकांतले सगळ्यात रडवणारे प्रसंग. पहिल्या नंबरवर तुमचा प्रसंग. ‘आजोबांचा सीन’ असं लिहून तिने तीन बदाम जोडले. पाच मिनिटांत सगळं खानदान हळवं झालं. अण्णा किती मायाळू होते, वरून फणस आतून गरे, वगैरे. मी फोन पालथा ठेवला. मला राग आला होता, आणि तो कोणाला दाखवावा असं घरात कोणी उरलेलं नाही.

घाटकोपरच्या त्या मॉलमध्ये सिनेमाला तुम्ही आलात तेच मुळी उपकार केल्यासारखे. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, स्वतःच्या चष्म्यावर थ्रीडी चष्मा चढवून बसलेला. मध्यंतरात समोसा खाताना तुम्ही नातीला म्हणालात, “पँटवर चड्डी घालणाऱ्याचा शोक म्हणजे हास्यरस गं. आणि आपल्या संस्कृत नाटकात रंगमंचावर मरण दाखवत नाहीत. सभ्य लोक होते.” ती म्हणाली, “आजोबा, समोसा गार होतोय.”

मग तो प्रसंग. कोसळणारा पूल खांद्यावर पेलून अख्खं शहर वाचवणारा तो गडी घरी उशिरा पोहोचतो. बायको गेलेली असते. तो मुखवटा काढून तिच्या उशाशी बसतो आणि तिचे केस विंचरतो. बोलत काहीच नाही. मी सहज बाजूला पाहते, तर तुमच्या दोन्ही चष्म्यांखालून पाणी वाहतंय, हनुवटीपर्यंत.

आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मुलुंडच्या हॉस्पिटलात ती सतरा दिवस होती. तुम्ही रोज भेटीच्या वेळेला यायचात, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून केसपेपर वाचायचात, “बरं” म्हणायचात आणि निघायचात. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या अण्णा. त्या मी सोडवल्या.

आणि दहावा. घाटावर ऊन चढलेलं, कठड्यावर कावळे ओळीने बसलेले, पिंडाला एकही शिवत नाही. मावशी हात जोडून तुम्हाला म्हणते, “भावोजी, जीव अडकलाय तिचा. काहीतरी बोला. ‘माझी काळजी करू नकोस’ एवढं तरी म्हणा.” मी म्हणते, “अण्णा, बोला ना.” तुम्ही घड्याळ बघता. “गुरुजी, दर्भाचा कावळा करा. शास्त्रात सोय आहे.” गुरुजींनी गवताची काडी वाकवून कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि आपण पंगतीला बसलो. मावशी त्यानंतर आपल्या घरी आली नाही. एका वाक्याचं काम होतं. पन्नास वर्षं आईने तुमचे डबे भरले, आणि तुम्ही तिची बोळवण गवतावर केलीत.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, तुम्हीच शिकवलीत. स्वतःच्या दुःखात माणूस गोठतो, तेच दुःख दुसऱ्याच्या नावाने समोर आलं की ते सगळ्यांचं होतं आणि मग रडता येतं. साधारणीकरण. टिपणांसकट पाठ आहे. तुमच्या रडण्यावर मी उत्तम निबंध लिहू शकते, दहापैकी आठ तुम्हीही दिले असतेत. पण आईला तुमचा निबंध नको होता. तिला एक वाक्य हवं होतं, आणि अश्रू मिळाले ते कुठल्याशा परदेशी नटीला, जी सीन संपल्यावर उठून कॉफी प्यायली असेल.

सिनेमाहून घरी आल्यावर नात म्हणाली, “तू पण रडत होतीस ना गं आई?”

“मला एसीने सर्दी झाली होती.”

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. पत्ता असता तरी तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलं असतंत. ग्रुपवर तर टाकणारच नाही. तिथे तुम्ही मायाळूच राहा.

फक्त एक गोष्ट नातीला दिसली नव्हती. तो केस विंचरत होता तेव्हा तुमचा हात आपल्या दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांड्यावर आला, उताणा, बोटं उघडी. माझी चाळिशी उलटेपर्यंत मी तुम्हाला कोणाकडे हात पुढे करताना पाहिलं नव्हतं. काय मागताय ते मला लगेच कळलं. मी त्या हातात पॉपकॉर्नचा टब ठेवला. सिनेमा संपेपर्यंत तुम्ही तो धरून बसलात, एकही दाणा न खाता.