टर्बो छोटा की मोठा

४ मार्च
माझ्या गाडीचा टर्बो गेला, इंजिनात हवा कोंबणारा तो पंखा. मिस्त्रीने आज खोलून हातात दिला. आतला दांडा खुळखुळतोय, पाती घासलीयेत. "नवाच घे आता. आणि घेतेयस तर ताकदीचा घे," म्हणाला. बरं म्हटलं. दादाला जाऊन महिना झाला, तेव्हापासून मी सगळ्यालाच बरं म्हणते.

तो गाडीत गेला असंच लोक धरून चालतात. आज टायरवाल्यानेही विचारलं— "कुठल्या वळणावर?" झोपेत गेला हो! घरात, गादीवर. बिचारा हिरमुसलाच.

६ मार्च
आईने विचारलं, जेवलीस का? आठवेना.

७ मार्च
गाड्यांच्या कसरतींच्या शोवाल्यांचा फोन. आमची जोडी होती— दादा पुढे, मी मागे. दोन्ही गाड्या आडव्या घसरत जायच्या, माझ्या गाडीचं नाक त्याच्या दारापासून हातभर. पहिल्यापासून असंच. मला शेपूट म्हणायचा मेला. आता हे विचारतायत, एकटीने करशील का? महिनाअखेरीला शो. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्या कुणाला, आणि गेलेली जागा परत कोण देतंय? गाडी सोडून मला दुसरं येतं काय, डोंबल! करते म्हटलं. फोन ठेवला आणि भांडी घासली.

९ मार्च
मोठा टर्बो घेतला तर ताकद भरपूर, धूर भरपूर, लोक खूश. पण तो उशिरा जागा होतो— पाय दाबा, थांबा, मग येणार धावत. छोटा लगेच हजर, पण वेग वाढला की दम सोडतो. मिस्त्री मोठ्याच्या बाजूने. "कुणाच्या दाराला चिकटायचं नाहीये तुला. मैदान मोकळं. वळणाच्या जरा आधी पाय दे, झालं!"

मी छोटा सांगितला.

"का गं?" लगेच ताकद हवी, म्हटलं. "लगेच कशाला?" हवी म्हणजे हवी! त्याने डोकं खाजवलं. "तू म्हणशील तसं, बाई."

१३ मार्च
वहिनीने विचारलं, ह्यांची गाडी विकू का? दारात दिसली की दोन ताटं घेते म्हणाली. माझा हात घट्ट धरून बसली होती. विकून टाक, म्हटलं. भाजी संपलीये सांगावं, तसं.

"तू रडत का नाहीस गं?" रागाने नाही, काळजीनेच विचारलं. शेजारीण म्हणते, धीराची पोरगी. धीर कसला आलाय! आतलं कुणीतरी कुलूप लावून बाहेर गेलंय.

१८ मार्च
दादाची गाडी गेली. नेणारा सभ्य वाटला.

१९ मार्च
छोटा बसवला. गाडी सुरू केली. पाय ठेवायचा अवकाश, लगेच झेप घेते. मिस्त्री एकटाच टाळ्या वाजवत होता. मी चहा प्यायले.

२१ मार्च
एकटीचा पहिला सराव. ट्रॅक रिकामा. रेषेवर गाडी लावली, गिअर टाकला. मिस्त्रीने झेंडा खाली केला. मी निघाले नाही.

परत वर, परत खाली. "अगं, सूट की!" ओरडला.

पाय क्लचवर, इंजिन गुरगुरतंय, आणि मी आपली समोर बघत बसलेय— दादा सुटला की सुटू. नेहमी तसंच करते ना! झेंडा मी कधी बघितलेलाच नाही, त्याची मागची चाकं बघायची.

समोर नुसता रस्ता. छोटा टर्बो मी कुणाच्या मागे धावायला घेतला होता?

हेल्मेटमध्येच रडले. हमसून हमसून, मोठ्याने. काच वर करायचंही सुचलं नाही. मिस्त्री आला, खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं.

२२ मार्च
छोटा काढायला सांगितला. मोठा मागवलाय. फार भीती वाटतेय!