पडीक म्हणून लिहिलेला सडा

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच. तरी पत्र तुलाच लिहितेय, कारण परवा आपल्या ग्रामसभेत जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही.

आपल्या सड्याखाली, गावावरच्या त्या कातळी पठाराखाली, बॉक्साइट आहे, ॲल्युमिनियमचा दगड, हे आता गावभर झालंय. तो शोधणाऱ्या सरकारी खात्याच्या टेबलामागे मी बसले होते, गळ्यात ओळखपत्र घालून. आमचा अहवाल वाचला जात होता. तुझ्या तुकड्याचा गट नंबर आला आणि त्यापुढे शब्द आला, पडीक. शेजारचा गणूदादा ताडकन उठला. "शेवंताची नाचणीची जमीन पडीक? ह्ये कोनी लिवलंय?" सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी मान खाली घालून फाइल चाळत राहिले.

मी लिहिलं, आत्या. माझ्याच हातानं.

वरकस जमीन काही वर्षं पिकवायची आणि मग तिला विसावा द्यायचा, हे मला का माहीत नव्हतं? लहानपणी मी सड्यावर आरडाओरडा केला की तू तोंडावर बोट ठेवायचीस. "वरडू नको गो, निजलीय ती." मला ते खरंच वाटायचं. मी चवड्यांवर चालायचे आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. विसाव्याच्या दर वर्षाला बांधाच्या कोपऱ्यावर एक जांभा दगड ठेवायचीस. पाच झाले की जमीन उठवायची.

आमची जीप सड्यावर आली तेव्हा तिथे चार दगड होते. मी ते बघितले होते गं! पण आमच्या फॉर्मात दोनच चौकोन होते, पिकाखाली आणि पडीक. शेजारी शेरा लिहायला जागाही होती. तीन शब्द पुरले असते. मी ती कोरी सोडली.

का? तर शेरा लिहिला की हे तुला कसं ठाऊक असं साहेबांनी विचारलं असतं, आणि ही आमची जमीन आहे असं सांगितलं असतं तर घरचा संबंध नको म्हणून मला दुसऱ्या भागात पाठवलं असतं. माझ्या नावाचा तो पहिलाच अहवाल होता. आणि दुसरं कारणही सांगते, लाज सोडून. तू हंडा-तांब्या घेऊन अनवाणी चढून आलीस तेव्हा साहेबांनी विचारलं, ओळखीच्या का? मी म्हटलं, हो, गावातल्या एक बाई.

तू ऐकलंस. पदर सारखा केलास आणि तांब्या माझ्यापुढे धरलास.

"पानी घ्या, मॅडम."

जन्मभर मला फटकारत आलीस, मग नेमकी त्याच दिवशी का गप्प बसलीस? चारचौघांत कान उपटला असतास तर बरं झालं असतं. वर नमुन्यासाठी मी त्या चारातलाच एक दगड उचलला, कारण तो सुटा होता आणि चांगला होता. तू तोही नेऊ दिलास. पाचवा ठेवायच्या आधीच गेलीस.

माझं काम वाईट नाही, आत्या. विजेच्या तारा लागतातच, तुझा भाताचा टोपसुद्धा याच धातूचा होता. जमिनीखाली काय आहे, किती आहे आणि ते काढलं तर काय जाईल, हे तिन्ही खरं सांगायचं म्हणून खातं मला पगार देतं. तिसरं मी गिळलं. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या झऱ्याला मे महिन्यापर्यंत पुरतं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी तुझ्याबरोबर हंडा भरताना शिकले होते.

उद्या मी दुरुस्तीचा अर्ज देतेय. पडीक नव्हे, वरकस, विसाव्याचं वर्ष. झऱ्याचंही लिहिलंय. खाण होईल की नाही ते माझ्या हातात नाही, पण निकाल खऱ्या कागदावर होऊ दे. साहेब मला या कामावरून काढतील, कदाचित चौकशीही लावतील. लावू देत. पुढच्या ग्रामसभेत टेबलामागे नाही, गणूदादाशेजारी उभी राहून मी हे स्वतः वाचेन.

तुझा दगड ऑफिसच्या कपाटात होता, नंबर टाकलेला. रीतसर सही करून सोडवून आणलाय. तो जागेवर ठेवेन, त्याच्याशेजारी पाचवा ठेवेन आणि पावसाळ्यात नाचणी लावेन. वाकडीतिकडी लागली तर हसू नकोस.

अर्जात जमीनमालकाशी नातं लिहायला एक रेघ आहे. तिथे मी लिहिलंय, सख्खी आत्या. उद्या साहेबांसमोर ते मोठ्यानं म्हणेन. मग तरी मला पमे म्हणशील ना?

तुझीच भाची,
पमी